इंजिन ग्राउंडचा उतार

इंजिन ग्राउंडच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की नाना कलायचे. बाहेर रस्त्यावर हा माणूस सिग्नलच्या खांबासारखा सरळ. आत आला की अंग स्टेशनच्या बाजूला झुकलेलं, जणू तापीच्या दिशेनं कुणीतरी सदऱ्याला धरून ओढतंय आणि नाना जायला तयार नाहीत. चहाचा कपसुद्धा ते ग्राउंडवर तिरपा धरत आणि त्यातला चहा सांडत नसे, हे मी शपथेवर सांगतो. कुणी नवख्यानं काळजीनं विचारलं, "नाना, कंबर धरली का?" की नाना त्याच्याकडे दयेनं बघत आणि म्हणत, "कंबर नही रे भो. उतार शे."

भुसावळ ज्यांनी फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलंय आणि डझनभर केळी घेऊन जे पुढं गेलेत, त्यांच्यासाठी ग्राउंडची थोडी माहिती देतो. एका बाजूला स्टेशन, दुसऱ्या बाजूला तापी आणि मध्ये इंजिन ग्राउंड. वाफेच्या इंजिनांच्या जमान्यात कुणी एक गोरा फोरमन इथं होता. त्याला म्हणे घरची फार आठवण यायची, आणि घर म्हणजे त्याच्या लेखी आई-बाप नव्हे, फुटबॉल. त्यानं इंजिनांच्या भट्ट्यांतली राख गाड्या भरभरून इथं पसरवली, वरून दगडी रोलर फिरवला आणि मैदान केलं. म्हणजे ज्या इंजिनांनी अर्धा हिंदुस्थान ओढला, त्यांची राख आमच्या गुडघ्यांत मुरलेली आहे. इथं खेळलेल्या माणसाचा गुडघा कायमचा काळा. लग्नाच्या बोलणीत मुलाची पत्रिका बाजूला ठेवून त्याचे गुडघे बघणारे सासरे मी स्वतः पाहिलेत.

प्रेक्षकांसाठी दगडी पायऱ्यांची गॅलरी होती. मे महिन्यात त्या पायरीवर बसलेला माणूस आणि तव्यावरची भाकरी यांत फरक एवढाच, की भाकरी कुणीतरी उलटवतं. चेंडूला पंप आम्ही फक्त हिवाळ्यात मारायचो. उन्हाळ्यात तो उन्हात ठेवला की आपोआप फुगायचा. पावसाळ्यात ग्राउंडचं तळं व्हायचं, आमच्या मते जळगावच्या मेहरूण तलावापेक्षा मोठं, आणि त्यात म्हशी बसायच्या. या गोलपासून त्या गोलपर्यंत सगळ्या म्हशी सारख्याच खोल बसायच्या. त्यावरून तेव्हाच कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडायला हरकत नव्हती. पण भुसावळात म्हशीकडे बघून विचार करायची पद्धत नाही.

नाना मूळचे पारोळ्याचे. नोकरीला लागले आणि भुसावळात आले, उभी हयात इथं काढली, पण बोलण्यातलं अहिराणी 'शे', म्हणजे आपलं 'आहे', काही त्यांनी सोडलं नाही. गार्डची नोकरी. आयुष्य मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून गेलेलं. पुढं इंजिन कुठं आहे हे दिसत नाही, ड्रायव्हर काय करतोय हे कळत नाही, अशा ठिकाणी उभे राहून नाना नुसत्या तळव्यांवरून सांगत, की गाडी आता चढाला लागली किंवा उताराला. "डोया मिटीसन सांगस," ते म्हणत. डोळे मिटून सांगायचेच. आवाज असा, की ग्राउंडवर त्यांनी बॅकला शिवी घातली तर यार्डातला ड्रायव्हर गाडी थांबवून खाली उतरायचा आणि माझं काय चुकलं म्हणून विचारायचा.

हे नाना आमच्या टीमचे गोलकीपर होते. मी त्यांच्यासोबत खेळलो नाही. मी लेफ्ट विंगला उतरलो तोवर ते गोलच्या मागं खुर्ची टाकून बसायला लागले होते. पण त्यांनी मला आयुष्यभर 'लेफ्ट' याच नावानं हाक मारली. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना मागून आवाज आला होता, "लेफ्ट, पुढं सरक." मी सरकलो होतो.

आता मूळ गोष्ट. मी बघितलेली नाही, पण इतक्यांकडून आणि इतक्या वेळा ऐकलीय, की बघणाऱ्यांपेक्षा मला जास्त दिसते. हिवाळी स्पर्धेची फायनल, समोर धुळ्याची टीम. सामना बरोबरीत, संपत आलेला. धुळ्याच्या बॅकनं आपल्यावरची आफत टाळायला म्हणून मधल्या रेषेजवळून एक फटका मारला. फटका म्हणजे काय, बूट नीट लागलाच नाही. चेंडू गडगडत निघाला. आमचे सगळे पुढं गेलेले. चेंडू एकटाच, बैलगाडीच्या वेगानं, नानांकडे चाललेला. गॅलरीतल्या एका गृहस्थानं तेवढ्यात विडी पेटवली आणि ओढून संपवली, असं तो मरेपर्यंत सांगायचा. नाना तापीच्या बाजूच्या गोलमध्ये पाय फाकवून, हात पसरून, पूर्ण तयारीत उभे. चेंडू आला, नाना वाकले आणि चेंडू दोन पायांमधून आत गेला. जाळीपर्यंतसुद्धा पोचला नाही. रेषेच्या आत हातभर जाऊन दमून थांबला.

 दुसऱ्या दिवशी सकाळी नाना चहाच्या टपरीवर आले, कप उचलला आणि म्हणाले, "मी गोल खादा नही. उतारनी खादा."

टपरी हसली. इंजिन ग्राउंडला उतार आहे, हे तोवर कुणी ऐकलं नव्हतं. पण नाना शांत. ते म्हणाले, स्टेशनकडून तापीकडे जमीन उतरते, नदी काय डोंगरावर असते का? चेंडूचा वेग शेवटच्या टप्प्यात वाढला. आणि गार्डाच्या पायांना उतार कळत नाही तर कुणाच्या पायांना कळतो?

पहिल्यांदा पटलं ते आमच्या दोन बॅकना. उतार होता म्हटल्यावर ते मागं वेळेवर का पोचले नाहीत हा प्रश्नच मिटत होता. मग कोचला पटलं. त्यानंच दोन्ही बॅकना पुढं पाठवलं होतं. मग ज्यांनी भुसावळवर पैज लावली होती, त्यांना पटलं. त्यांच्या बायकांना पटलं नाही, पण त्यांना विचारलं कुणी? महिनाभरात अवघ्या गावाला उतार दिसायला लागला. धुळेकर तेवढे हसत होते. पण पुढच्या वर्षी ते इथं येऊन तापीच्या बाजूच्या गोलमध्ये दोन गोल खाऊन हरले आणि परतीच्या गाडीत त्यांच्या कॅप्टननं कबूल केलं, "काहीही म्हणा, उतार आहे." झालं. धुळ्यानं मान्य केलं म्हटल्यावर खानदेशात अपील करायला जागाच उरली नाही.

तेव्हापासून इंजिन ग्राउंडवर टॉस म्हणजे युद्धाची मसलत झाली. नाणं जिंकणारा कॅप्टन पहिल्या हाफात तापीचा गोल घेई, म्हणजे उतारावरचा मार सुरुवातीला ताज्या पायांनी सोसायचा आणि दुसऱ्या हाफात दमलेल्या पायांनी उतारावर धावायचं. चढावर खेळताना दम लागतो म्हणून काही टीमा आदल्या दिवशी केळी जास्त खात. खोटं कशाला सांगू, माझी स्वतःची पोटरी चढावर वेगळी दुखायची आणि उतारावर वेगळी. तापीच्या दिशेनं मी असा सुटायचो, की दोनदा चेंडूच मागं राहून गेला.

आमच्या स्पर्धेची एक रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. फायनल झाली की भरीत-भाकरीचं जेवण. बामणोदकडची हिरवी मोठी वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, आणि वांगी भाजायची ती हरलेल्या टीमनं. जिंकलेल्यांनी खायचं. गॅलरीच्या मागं जाळ लागे, हरलेले अकराच्या अकरा गडी धुरात डोळे चोळत वांगी उलटवत, सोलत, लाकडी बडगीत ठेचत. डोळ्यांतलं पाणी धुरानं आलं की कशानं, हे विचारायचं नाही, ही त्या रिवाजातली मोठी सोय. त्या फायनलच्या संध्याकाळी नानांनी धुळ्यासाठी वांगी भाजली होती. भरीत असं उतरलं, म्हणतात, की धुळ्याचा कॅप्टन म्हणाला, "नाना, दर वर्षी हरत जा."

नानांनी ते मनावर घेतलं नाही, पण जाळाजवळची जागा घेतली. पुढं कुणीही हरो, जळगाव हरो, मनमाड हरो, आम्ही हरो, नाना हरलेल्यांच्या घोळक्यात जाऊन बसत आणि गोलकीपरच्या शेजारी पाट सरकवत. मी हरलेल्या टीममध्ये पुष्कळदा असल्यामुळं ते बोलणं मला पाठ आहे. नाना वांग्याला टोचे मारत म्हणत, "कोनता गोल व्हता? तापीकडला? मंग तुना काय दोष? उतार शे." गोलकीपर मान खाली घालून बसलेला असे. एखादा प्रामाणिक निघे. तो म्हणे, "नाना, गोल स्टेशनच्या बाजूला खाल्ला. चढावर." नाना जराही गडबडत नसत. वांगं उलटवत आणि म्हणत, "मंग वारा व्हता."

असा तो उतार सुखानं नांदत होता, तोवर ग्राउंडचं नशीब उघडलं. गॅलरीच्या पायऱ्या सुटल्या होत्या, गोलच्या खांबांना वाळवी लागली होती, आणि नव्या स्टेडियमला मंजुरी आली. फाटकावर मोठा फलक लागला. वर छप्पर, रंगीत खुर्च्या, हिरवीगार नकली हिरवळ, चारही कोपऱ्यांत दिवे. चित्रातल्या गॅलरीत सोनेरी केसांचे गोरे प्रेक्षक बसलेले होते आणि एक मेम हातात फुगा घेऊन चालली होती. नानांनी फलक बराच वेळ न्याहाळला आणि मला विचारलं, "लेफ्ट, ह्या पाव्हना कोनकडना शेतस?" मी तेव्हा ग्राउंड कमिटीचा सेक्रेटरी होतो. मी म्हणालो, "चित्र काढणाऱ्याकडचे." नाना म्हणाले, "उन्हाळामा बोलाव त्यासले."

मग मोजणी आली. कंत्राटदारानं पाठवलेली इंजिनिअर पंचविशीतली मुलगी होती, अश्विनी नाव. तिपाई, दुर्बीण लावलेलं यंत्र आणि आकड्यांची उंच पट्टी धरून उभा राहणारा एक माणूस. ग्राउंडचा उतार मशीननं मोजणार, ही बातमी भुसावळात पसरली आणि गॅलरी भरली. कित्येक फायनलना एवढी माणसं मी पाहिली नव्हती. शेंगदाणेवाला आला. म्हातारे खेळाडू आले, काळे गुडघे घेऊन. तिनं तिपाई रोवली की गॅलरीतून सल्ले सुरू: "मॅडम, तापीकडे धरा, तिकडे लागंल." "पट्टीवाला तिरपा उभा राहिलाय, मॅडम." तो सरळच उभा होता. आमची गॅलरी कललेली होती.

नाना मात्र गॅलरीत बसले नाहीत. तापीच्या बाजूच्या गोलच्या खांबाला टेकून उभे राहिले. मला आठवतं, त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मोजणी कसली, त्या माणसाची निकालाची तारीख होती. कित्येक वर्षांपूर्वीचा तो एक गोल, दोन पायांमधून गेलेला, एका पारड्यात. आणि दुसऱ्यात त्या मुलीचं यंत्र.

ती यंत्र घेऊन गोलजवळ आली तेव्हा नानांनी विचारलं, "कोन गावनी शे, बेटा?"

"धुयानी, आबा," ती म्हणाली. दुर्बिणीवरचा डोळा तिनं काढला नाही.

धुळ्याची म्हटल्यावर गॅलरीतून कुणीतरी मोठ्यानं सुस्कारा सोडला. नाना आमच्याकडे वळून म्हणाले, "धुयानी शे. मंग हिले उतार कसा दिसी?"

"दिसना तर सांगसू, आबा," ती तेवढ्याच शांतपणे म्हणाली. दिसला तर सांगेन, म्हणजे. गॅलरी हसली. नानाही हसले. अहिराणीत उत्तर आल्यावर नाना कुणावरही रागावू शकत नसत.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, पुन्हा मोजलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, मैदान सपाट आहे. मी एवढं सपाट मैदान पाहिलेलं नाही. राख पसरून पसरून कुणी तरी टेबल केलंय त्याचं. पावसाचं पाणी साचत असेल ना इथं?"

मला म्हशी आठवल्या. मी म्हणालो, "साचतं." आणि गॅलरीकडे बघितलं. दोन-अडीचशे माणसं निकालाची वाट बघत बसली होती. त्यांतल्या प्रत्येकाचा एक तरी पराभव त्या उतारावर जमा होता. ही मुलगी सगळ्यांना एकदम हरवणार होती, आणि एवढ्या लोकांना पुरतील इतकी वांगी बामणोदात नव्हती.

तेवढ्यात नाना आमच्याजवळ आले. तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, ती गोल गोल काहीतरी सांगेल. तसली ती मुलगी नव्हती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आबा, मैदान बठ्ठं सपाट शे."

नानांनी तिपाईभोवती एक चक्कर मारली. "मशीन नवं शे का?"

"नवं शे."

"गरम व्हयेल व्हई. भुसावयनं ऊन शे."

"सकायले बी मोजं, आबा."

 गॅलरी पुढं झुकून कानोसा घेत होती.  मग तिनं आपला नकाशा उघडला आणि म्हणाली, "पन नवाले उतार देना पडी. पानी जावाले."

"कोन बाजूले?"

"तापीकडे. जुनी मोरी तिकडेच शे."

नानांनी मान हलवली. मग ते गॅलरीकडे वळले. तिकडून कुणीतरी ओरडलं, "नाना, काय निघालं?" नानांनी छाती भरून घेतली आणि यार्डातल्या गाड्या थांबतील अशा आवाजात सांगितलं, "उतार शे."

गॅलरी उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या. त्याच श्वासात नाना तोंडातल्या तोंडात "पुढला सालले" असंही म्हणाले होते, पण ते त्यांच्याशेजारी उभ्या असलेल्या मलाच काय ते ऐकू आलं. अश्विनीनं नकाशाची गुंडाळी केली आणि काही बोलली नाही. धुळ्याबद्दलचं माझं मत त्या क्षणी पुष्कळ सुधारलं.

लोक गेल्यावर नाना गोलपाशी उकिडवे बसले. मी म्हणालो, "नाना, मनावर घेऊ नका. पोरगी धुळ्याची आहे." ते हसले नाहीत. राखेवरून तळहात फिरवत राहिले. मग म्हणाले, "लेफ्ट, मंग मना पाय खोटं बोलनात का रे?"

गार्डाचे पायच खोटं बोलले का, असं विचारल्यावर मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो आणि माझाही तळहात राखेवर फिरवून बघितला.

त्यानंतर ग्राउंडभोवती पत्र्याचं कुंपण लागलं आणि आत यंत्रं घुरघुरायला लागली. जुनी गॅलरी पाडताना बघायला सगळे आले. दगड एवढे तापलेले निघाले, की मजुरांनी त्यांच्यावर डबे गरम केले. सगळे आले, नाना आले नाहीत. रोज सकाळी ग्राउंडला चक्कर मारणारा माणूस आता बाजारपेठेतून फिरून यायचा. रस्त्यात भेटले की बोलायचे, तब्येत, केळीचे भाव, गाड्यांचा उशीर, सगळं. ग्राउंडचं नाव नाही. त्या वर्षी स्पर्धा नव्हती, म्हणून जाळही नव्हता. एकदा भाजीच्या दुकानापुढं मी मुद्दाम म्हणालो, "नाना, मोरीचं काम झालं." ते म्हणाले, "व्हऊ दे," आणि भेंडी निवडायला लागले. दुकान माझं नव्हतं, त्यांचंही नव्हतं.

हिरवळ अंथरून झाली त्या दिवशी अश्विनीचा मला फोन आला. "सर, उद्या सकाळी आबांना घेऊन या." नाना येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण सकाळी गेलो तर ते ओट्यावर तयार बसलेले, तोच इस्त्रीचा सदरा.

फाटकातून आत गेलो. मी नानांकडे बघत होतो. ते कलले नाहीत. हिरवळीवर चपला काढल्या, दोन पावलं टाकली, थांबले, डोळे मिटले. तळवे दाबून बघत उभे राहिले, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभे असल्यासारखे. मग अगदी हळू, सिग्नल पडावा तसे, स्टेशनच्या बाजूला किंचित झुकले.

अश्विनी म्हणाली, "फार थोडा शे, आबा. डोयाले दिसाव नही."

"डोयाले कोन इचारस," नाना म्हणाले.

ते चालत तापीच्या गोलमध्ये जाऊन उभे राहिले. पांढरे खांब, नवी जाळी, मध्ये सत्तरी कधीच ओलांडलेला एक गार्ड, पाय फाकवून, हात पसरून. तिथून मला ओरडून म्हणाले, "लेफ्ट, मधल्या रेघवरथीन. हयू. बूट लागाले नको."

मी चेंडू ठेवला. आयुष्यात मी जोरात मारायचा प्रयत्न करून हळू मारलेले चेंडू अनेक आहेत. मुद्दाम हळू मारलेला हा पहिलाच. चेंडू निघाला. नकली हिरवळीवर तो राखेसारखा आवाज करत नाही, आवाजच करत नाही. निम्म्यात आला तेव्हा वाटलं, थांबतो. थांबला नाही. उतार त्याला धरून, दम देत, पुढं नेत होता. मी एवढा वेळ कधी श्वास रोखला नव्हता. बाहेर एक अख्खी मालगाडी येऊन गेली, आणि ती लांब होती. चेंडू नानांच्या समोर आला तेव्हा त्याच्यात मुंगीला ढकलायचं बळ उरलं नव्हतं. नुसतं पाऊल आडवं केलं असतं तरी तो थांबला असता. नाना वाकले. हात चेंडूच्या अगदी वर आले. आणि तिथंच राहिले. उजवी टाच त्यांनी जराशी उचलली, कोंबडीच्या पिल्लाला वाट द्यावी तशी.

चेंडू दोन पायांमधून आत गेला. हातभर जाऊन थांबला.

नाना सरळ झाले, म्हणजे त्या ग्राउंडवर जितके सरळ व्हायचे तितके. आमच्याकडे बघून म्हणाले, "देखं? उतार शे."

टाच मी बघितली होती. अश्विनीनंही बघितली असणार. तिची नजर मिलिमीटरची. ती म्हणाली, "शे, आबा."

मग नानांनी चेंडू उचलला, काखेत घेतला आणि चपला शोधायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले. झोपेतच गेले, काही दुखलं-खुपलं नाही. अंत्ययात्रा इतकी लांब होती, की तिचा शेवट निघायच्या आत पुढचे लोक पोचून घरी परतले होते. एक गोष्ट तेवढी मी वाढवून सांगत नाही. नानांना नेताना आम्ही इंजिन ग्राउंडच्या फाटकासमोरून गेलो. खांदा देणारे आम्ही सगळे जुने खेळाडू होतो. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण फाटकासमोर आलो आणि आम्ही स्टेशनच्या बाजूला थोडे कललो.

या हिवाळ्यात नव्या स्टेडियमवर पहिली फायनल झाली. आत जाळ लावायला मनाई आहे, हिरवळ वितळते म्हणे, म्हणून काड्या फाटकाबाहेर पेटवल्या. जळगावची टीम हरली होती. त्यांचा गोलकीपर चांगला सहा फुटी गडी, पण चार गोल खाऊन जाळाशी असा बसला होता, की वांग्यांपेक्षा तोच जास्त भाजतोय असं वाटावं. मी पाट सरकवून त्याच्या शेजारी बसलो.

"कुठला गोल होता? तापीकडचा?" मी विचारलं.

"शेवटचा तापीकडचा, काका."

"मग तुझा काय दोष? उतार आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. प्रामाणिक निघाला. "पण काका, आधीचे तीन स्टेशनच्या बाजूला खाल्ले."

मी वांग्याला टोचा मारला. "मग वारा होता."

त्यानं स्टेडियमच्या दिव्यांकडे बघितलं, झेंड्याकडे बघितलं. झेंडा खांबाला चिकटून पडला होता.  त्यानं बाहीनं डोळे पुसले, धूर होताच, आणि वांगं उलटवलं.